पायलट गाडी

—हसा हो, मोकळेपणी हसा. मीही हसतोच आहे, न हसून करतो काय! ती समोर उभी आहे ना, डिकी उघडी, वायरी लोंबताहेत आणि तो मिस्त्री कमरेपर्यंत आत शिरलाय — ती माझीच गाडी. नाही नाही, ठोकलेली नाही. कोणी ठोकली असती तर बरं झालं असतं, चार लोकांत त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या. हे घरी केलंय. मी. स्वतः. पार्किंगमध्ये जुनी सतरंजी अंथरून, मोबाइलवर एका पोराचा व्हिडिओ लावून. तो पोरगा असं भराभर बोलतो ना, की त्याचं ऐकताना आपल्यालाही सगळं येतंय असंच वाटतं. लोक शत्रूच्या तोंडाला काळं फासतात, मी आपल्याच गाडीच्या पाठीला फासलं — ते मागचे दिवे काळे दिसतात ना, त्यांच्यावर फिल्म आहे, चिकटवायची. दिव्याखाली अंधार म्हणतात, इथे दिव्यावरच अंधार. आणि डिकीच्या कडेला ती लांब पट्टी बघा. तिच्यात इंडिकेटर पळतो. पळतो म्हणजे, साध्या दिव्यासारखा नुसता लुकलुकत नाही, मधून सुरू होतो आणि सर्रकन कडेपर्यंत धावतो — ज्या बाजूला वळायचंय त्या बाजूला. निदान खोक्यावरच्या चित्रात तरी तसा धावत होता. बसा ना. त्या स्टुलावर नको, तो डगमगतो, या बाकावर बसा. तुमचं काय, बॅटरी उतरली? मग चढेल की. माझं जे उतरलंय ते काही चढायचं नाही.

धंदा? माझा धंदा नाही विचारलात तर बरं. चष्म्याचं दुकान आहे. चौकातलं, बॅगांच्या दुकानाला लागून — हो, तेच, मोठ्या चष्म्याची पाटी. सगळं आयुष्य लोकांना विचारण्यात गेलं, "आता दिसतंय? आता? हे जास्त स्पष्ट की ते?" दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायचं दुकानच टाकलंय म्हणा, स्वतःच्या मुसळाकडे बघायला अजून सवड झालेली नाही. आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण ही जी भानगड झाली ना, ती त्या धंद्यामुळेच झाली. सांगतो. पण आधी दिवे कशाला बदलले ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हाताऱ्याला नवी पालवी फुटलीय. दिवे बायकोसाठी बदलले. सुरक्षितता हो, दुसरं काय.

बायको गाडी चालवायला शिकली ते आता आता, केस पांढरे झाल्यावर. शिकावंच लागलं. बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत आहे ती — कुठला दाणा उगवेल आणि कुठला कुजेल हे नुसतं तळहातावर घेऊन सांगते, सहसा चुकत नाही, मला का निवडलं असेल ते एक कोडंच आहे — तर ती प्रयोगशाळा उचलून नेली गावाबाहेर, बस नाही, काही नाही. मग हिनं एक छोटी गाडी घेतली, जुनीच, पांढरी, डबीसारखी. ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरानं शिकवलं. मी एकदाच शेजारी बसलो. एकदाच! माझ्या पायाखाली ब्रेक नव्हता तरी मी तो इतक्या जोरात दाबत होतो की पायपुसणं फाटलं. आणि तोंड तर चालूच — "अगं ट्रक, अगं ट्रक, अगं सायकल!" तिनं गाडी कडेला घेतली, किल्ली काढली, माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "तुम्ही चालवा, मी चालत जाते." गेली की! खरंच चालत गेली. तेव्हापासून शेजारी बसायला मला बंदी. मग तोड काय काढली? तर मी माझ्या गाडीत पुढे आणि ती तिच्या गाडीत मागे. मी साइड दाखवायची, तिनं दाखवायची. मी वळायचं, तिनं वळायचं. प्रयोगशाळेच्या फाटकापर्यंत पोचवायचं आणि उलटं वळून दुकान उघडायला यायचं. दोघं एकाच ठिकाणी निघालेली आणि गाड्या दोन. वरच्या मजल्यावर एक रिटायर्ड मास्तर राहतात, ते रोज गॅलरीत उभे राहून सलाम ठोकायचे — "मंत्रीणबाई निघाल्या, पायलट गाडी पुढे!" सगळी इमारत मला पायलट म्हणायला लागली. दूधवालासुद्धा. म्हणू देत. मला आवडायचं, खोटं कशाला बोलू?

आवडायचं म्हणजे — आता तुम्ही परके आहात म्हणून सांगतो — मला आरशात ती दिसायची ना. स्टिअरिंगवर पुढे झुकलेली, ओठ घट्ट मिटलेले, नजर माझ्यावर रोखलेली. घरात ती माझ्याकडे इतका वेळ टक लावून कधी बघते? लग्नातही बघितलं नव्हतं. जेवताना बघते ते ताटात काय उरलं ते बघायला. आणि तिथे मात्र घर ते फाटक, क्षणभर नजर हलायची नाही. आता ती माझ्याकडे नाही, माझ्या दिव्यांकडे बघायची, एवढं कळतं मला. चष्मे विकतो, आंधळा नाही मी.

तर दिवे. मला वाटलं, जुने दिवे फिके पडलेत, सकाळचं ऊन मागून येतं, तिला नीट दिसत नसतील. तसं तिनं सांगितलं? नाही, असं शब्दांत नाही सांगितलं. ती वेगळंच काहीतरी म्हणाली होती. काय म्हणाली ते राहू दे हो, ते महत्त्वाचं नाही. मी पट्टी आणली. रविवार धरला. जुने पिवळे बल्ब काढून फेकले, कारण नव्या पट्टीच्या तोऱ्यापुढे ते अगदीच गावंढळ दिसायला लागले. बल्ब काढले की गाडीला वाटतं आपला दिवा गेला, मग ती आतल्या आत टिकटिकटिकटिक करत सुटते, नाडी वाढल्यासारखी. मला वाटलं वा, जोर वाढला! हे माझं शहाणपण. मग आली वायरी जोडायची वेळ. पट्टीच्या डबीला एक वायर उजव्या इंडिकेटरची द्यायची, एक डाव्याची. गोंधळ नको म्हणून मी गाडीच्या मागे उभा राहिलो, दुकानातल्या चिठ्ठ्या आणल्या होत्या, "उजवा" आणि "डावा" — हो हो, डोळ्यांच्याच, लेन्सच्या पाकिटावर लावतो त्या — आणि दोन्ही बाजूंना चिकटवल्या. शिस्तीत. आता बघा. दुकानात गिऱ्हाईक माझ्यासमोर बसतं. त्याचा उजवा डोळा माझ्या डाव्या हाताला येतो, बरोबर? आयुष्यभर हाताला तीच सवय. समोर दोन गोल दिसले की डाव्या हाताचा तो उजवा. मी गाडीसमोर उभा राहिलो, दोन दिवे माझ्याकडे बघताहेत, मी डाव्या हाताच्या दिव्याला चिठ्ठी लावली — "उजवा". अहो, पण ती माझ्याकडे तोंड करून कुठे होती! पाठमोरी होती हो ती! डोळे कसले, पाठ होती ती! गाडीच्या पाठीचे मी डोळे तपासले. आहे का जगात असा चष्मेवाला? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तपासून बघितलं का म्हणजे? बघितलं ना! आत बसलो, उजवा लावला, समोर काट्यापाशी बाण उजवाच, मग उतरून मागे धावलो. पट्टीवर दिवा असा सर्रकन पळत होता, असा पळत होता — मी टाळ्या वाजवल्या. पळतोय यातच मी इतका खूश की कुठल्या बाजूला पळतोय ते बघायचंच राहिलं. गॅलरीतून मास्तर ओरडले, "पायलट, आता भोंगा बसवा!" मी त्यांनाही हात केला.

झालं, दुसऱ्या दिवशी निघालो. गल्लीतून बाहेर पडून सरळ रस्ता, वळण असं नाहीच, ते थेट फाट्यावर. फाट्याला उजवीकडे बायपास, डावीकडे कालव्याचा रस्ता. आम्ही नेहमी बायपासनं जायचो. कालव्याचा रस्ता खराब आहे, असं मीच तिला सांगितलेलं. कधी गेलो होतो मी त्या रस्त्यानं? मुंज झाली नव्हती तेव्हा, वडिलांच्या सायकलवरून. तर मी उजवा इंडिकेटर लावला, चांगला आधीपासून लावला, थाटात, आणि उजवीकडे वळलो. दोन ट्रक आडवे आले, ते गेले, आणि आरशात बघतो तर — ही नाही. रस्ता आहे, ट्रक आहेत, पण पांढरी डबी नाही. बायपासवर गाडी वळवायला जागा नाही, थेट पुलाखालून वळून यावं लागतं. फोन लावला, उचलत नाही. उचलणारच नाही, चालवताना फोन उचलायचा नाही हे मीच तिला घोकून पाठ करून घेतलेलं. पुन्हा फाट्यावर आलो, पानवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, "त्या बाई ना, त्या डावीकडे गेल्या, तुम्हीच तर डावीकडचा दिवा दाखवत होता आणि उजवीकडे घुसलात, ट्रकवाला तुम्हाला काय म्हणाला ऐकलं नाही का?" नव्हतं ऐकलं. मग कालव्याच्या रस्त्यानं सुटलो, प्रत्येक वळणावर पाण्यात डोकावत. हो, पाण्यात. हसू नका, कालवा भरून वाहत होता, आणि मी तिथे माझ्या सबंध संसाराचा हिशेब मिटवून टाकला होता.

पोचलो फाटकाशी. घामानं थबथबलेला. आणि ही? हिची गाडी झाडाखाली सावलीत, चांगली सरळ लावलेली, आणि ही बाहेर उभी राहून चहा पितेय. तोंड असं फुललेलं! रस्ता नवा केलाय म्हणे, दुतर्फा झाडं, ट्रक औषधालाही नाही, आणि बायपासपेक्षा जवळचा. मी म्हणणार होतो, "अगं तू कुठे गेली होतीस?" — शब्द ओठावर होते — तर तीच पुढे आली, माझा हात धरला, चारचौघांत, तिच्या साहेबांसमोर, आणि म्हणाली, "कळलं हो मला. तोंडानं सांगितलं असतंत तर मी घाबरले असते, म्हणून नुसती बाजू दाखवलीत आणि आपण दुसरीकडून निघून गेलात. एकटीला सोडलंत. तुमच्यात एवढी समज असेल असं मला वाटलं नव्हतं." डोळ्यांत पाणी तिच्या. आणि मी काय म्हणालो असेन? सांगा. मी म्हणालो, "मग!"

"मग!" दुसरा शब्द सुचला नाही. आणि तो एक शब्द आता मला गिळायला बसलाय. तिनं सगळ्यांना सांगितलं. मेव्हणीचा फोन — "भाऊजी, माणूस असावा तर तुमच्यासारखा." मास्तरांनी गॅलरीतून सलाम करायचं सोडून हात जोडले. रोज सकाळी ती एकटी निघते, मला वरूनच म्हणते, "तुम्ही झोपा आणखी थोडा वेळ." मी झोपतो? मी खिडकीत. आणि दुकानात जाताना उजवा दाखवून डावीकडे, डावा दाखवून उजवीकडे वळतो, गावभर शिव्या खातो. नीट का नाही केलं? कसं करणार? पार्किंगमध्ये डिकी उघडली की ती विचारणार, काय झालं. तिला काय सांगू — बाई, तू जिला माझी समज म्हणतेस ती माझी चुकलेली वायर आहे?

आणि खरं सांगू का — आता एवढं सांगितलंच आहे तर — ती काय म्हणाली होती, पट्टी आणायच्या आधी? म्हणाली होती, "उद्यापासून मी एकटी जाते." "जाऊ का" नाही म्हणाली. "जाते." मी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. म्हटलं, छे, तुला दिवे नीट दिसत नाहीत म्हणून वैतागलीयस, थांब, मी झकास दिवे बसवतो. कळलं आता सुरक्षितता कुणाची ते? तिला मागे ठेवायला बसवले हो मी ते दिवे, आणि त्यांनीच तिला पुढे धाडलं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

आज? आज ती बहिणीकडे निघालीय. लांब आहे, हायवेनं, दुपार होईल पोचायला. मी म्हटलं, हायवे लागेपर्यंत मी पुढे राहतो, नुसता तिथपर्यंत, मग वळतो. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. म्हणाली, "बघू." मी त्या "बघू"ला धरून पहाटेच इथे येऊन बसलो. म्हटलं, आज तरी माझा उजवा उजवीकडे पळू दे. तिला सांगितलंय, जाताना इथूनच ये — अहो, आलीच की! ती बघा, डबी.

अगं, इकडे, इकडे! उतरू नकोस, ऊन आहे. होतच आलंय — काय मिस्त्री, होतंय ना? किती वेळ? अजून सगळी टेप सोडवायचीय? कोणी एवढी गुंडाळली म्हणून काय विचारतोस, तू आपलं काम कर. — वेळ लागेल म्हणतो गं तो. थांबतेस? हं. हो, ऊन चढेल, ते खरं. नाही नाही, विशेष काही नाही, एक बल्ब गेलाय. हे? हे गिऱ्हाईक. माझं नाही, याचं. त्यांची बॅटरी उतरलीय. पाणी घेतलंस? पेट्रोल? हायवेच्या तोंडावरच्या पंपावर भरणार, बरं. मग नीघ तू. सावकाश जा — बरं, नाही म्हणत सावकाश. जशी जायचीस तशी जा. अगं हो, जा ना, मी कुठे अडवतोय? पोचलीस की फोन कर.

गेली. बघितलंत? आरशात बघितलं, साइड दाखवली, मगच गाडी हलवली. ड्रायव्हिंगच्या मास्तरानं शिकवलं म्हणायचं, पण ते वळून खांद्यावरून बघणं आहे ना, ते माझं आहे. गंमत सांगू? तिची गाडी मागून मी आज पहिल्यांदा बघतोय. खरंच. चालताना पहिल्यांदा. नेहमी आपली आरशात, पुढून. मागून बरी दिसते की, ठुमकत जातेय. त्या कोपऱ्यावर खड्डा आहे, तिथे ब्रेक मारेल ती, मारायलाच हवा. आता — मारला.

अहो. दिवे कुठे आहेत? ब्रेकचे, तिच्या ब्रेकचे दिवे. हळू झाली ना ती? तुम्हीही बघितलंत ना? आणि मागे लाल काही नाही, एकही नाही. पुन्हा मारला बघा, रिक्षा आली आडवी, थांबली — थांबली ना? आणि तो मागचा टेम्पो किती जवळ येऊन करकचला! अरे देवा. किती दिवस असं असेल? कोणी बघितलंच नाही. बघणार कोण? मी तर पुढे होतो, रोज, अगदी थाटात पुढे! आणि ती हायवेला चाललीय, मागे ट्रक लागणार, आणि ती थांबली तर त्याला कळणार कसं? फोन — वाजतोय, उचलत नाही. उचलणारच नाही ती.

मिस्त्री, माझी गाडी — राहू दे, राहू दे, ती काय निघतेय आत्ता. अहो तुम्ही, उठा. तुमची बॅटरी त्यानं मघाशीच बसवली ना? मग बसून का राहिलात? ऐकत होतात. बरं, ते जाऊ दे, चला, उठा. तुम्हीच चालवा, मी तिच्यावर नजर ठेवतो. काढा गाडी. डावीकडे घ्या — ती काय, टेम्पोच्या पलीकडे. टेम्पोला मागे टाका. हं, आता ती आणि आपण. पंपापर्यंत गाठायचं नुसतं, तिथे मी सांगतो तिला सगळं. नको नको, हॉर्न नको, बिचकते ती. आणि पुढे काढू नका! पुढे नको म्हटलं ना! मागेच राहा, मागच्या लोकांना तुमचे दिवे दिसू देत. ती कधी थांबणार ते मला कळतं हो, मान जराशी खाली जाते तिची — बघा, गेली. ब्रेक मारा. हं. असंच. मागेच राहा.